मांजराला दूध घातलं का?

बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला सगळे 'चौकशी' म्हणूनच हाक मारत. शब्द स्त्रीलिंगी आणि माणूस चांगला मिशीवाला, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे, त्यालाही नाही. दिवसभर लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, हे त्याचं काम. अमुक गाडी गेली का, तमुक गाडी लागली का, माझी पिशवी मघाशी इथेच होती ती कुठे गेली, माझा नवरा मघाशी इथेच होता तो कुठे गेला. एकदा तर एका आजोबांनी खिडकीत तोंड घालून विचारलं होतं, "मी कुठे निघालो होतो हो?" चौकशीने त्यांचं तिकीट मागून घेतलं, वाचलं आणि त्यांना नीट सांगितलं. वर त्यांच्या गाडीपर्यंत सोडायला एक हमालही दिला.

आता दिवसभर उत्तरं देणारा माणूस घरी जाऊन काय करेल? सूड उगवेल. चपला काढायच्या आत त्याचे प्रश्न सुरू होत, आणि ते सगळे पंधरा वर्षांच्या लेकीवर येऊन पडत. "कुठे गेली होतीस? कोण कोण होतं? ती कोण? तिचे वडील काय करतात? उशीर का झाला? झाला नाही? मग मला झाल्यासारखा का वाटतोय?"

लेकीला घरात ठकी म्हणत. लहानपणी ती खरोखरच लाकडी बाहुलीसारखी गोलमटोल होती. आता ती वाढली होती आणि नाव तेवढं मागे राहिलं होतं. तिच्याकडे बापाच्या सगळ्या प्रश्नांना पुरून उरतील अशी तीन उत्तरं होती: काही नाही, कोणी नाही आणि असंच.

"अहो, पोरीला श्वास तरी घेऊ द्या," बायको म्हणे. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती आणि बोलण्यातही तिची सुई बरोबर हव्या तिथेच टोचत असे. "करा आता खिडकी बंद."

पण ती खिडकी काही बंद होत नसे. चौकशीचा जीव मुलीत अडकलेला, आणि जीव अडकला की त्याच्या तोंडून प्रश्नच बाहेर पडत. दुसरी भाषा बिचाऱ्याला येतच नव्हती.

त्या वर्षी शाळेत आरोग्याच्या तासाला नव्या बाई आल्या. बुटक्या, घोगऱ्या आवाजाच्या. आधीच्या मास्तरांचा व्यसनांवरचा धडा ठरलेला असे: काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र, हात पुढे करून शपथ आणि टाळ्या. मुलं शपथ घेत आणि घंटा झाली की विसरत. नव्या बाईंनी चित्र गुंडाळून कपाटावर ठेवलं आणि पालकांनाही मुलांसोबत वर्गात बोलावलं.

चौकशी पहिल्या बाकावर जाऊन बसला. ठकी त्याच्यापासून जेवढं लांब बसता येईल तेवढी लांब बसली, तिच्या उंचच उंच मैत्रिणीजवळ. त्या मैत्रिणीला वर्गात शिडी म्हणत. शिडीच्या घरून कोणीच आलं नव्हतं.

"नशेची पहिली गोळी तुम्हाला कुणी काळ्या चष्म्यातला गुंड देणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमचाच मित्र देईल. फुकट देईल, हसत देईल, आणि 'अगं, काही होत नाही' असं म्हणून देईल. तुम्ही म्हणाल, मग काय झालं, आम्ही नको म्हणू. पण आपल्या भाषेत 'नको'चा अर्थ काय होतो, माहीत आहे? 'अजून एकदा विचारा.' पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि दोनदा वाढून घेतो."

वर्ग हसला. पालक जास्त हसले, कारण त्यांना स्वतःचीच जेवणं आठवली.

"म्हणून नुसतं नको म्हणून भागत नाही. तिथून निघता आलं पाहिजे, आणि चारचौघांतून निघायला निमित्त लागतं. ते निमित्त आज आपण तयार करायचं. घरातलं एक मोठं माणूस निवडायचं आणि त्याच्याबरोबर एक वाक्य ठरवून ठेवायचं. साधं, कुणासमोरही बोलता येईल असं. फोनवर ते वाक्य ऐकलं की मोठ्या माणसाने एकच प्रश्न विचारायचा, 'कुठे येऊ?' मग जायचं, मुलाला घेऊन यायचं, आणि वाटेत एक अक्षर विचारायचं नाही. गरज पडली तर दुष्टपणाही तुम्हीच घ्यायचा. 'माझा बाप फार खवीस आहे' असं मुलाला म्हणता आलं पाहिजे."

चौकशीचा हात वर गेलाच. "एक अक्षर म्हणजे, काय झालं, एवढंही नाही?"

"नाही."

"कोण कोण होतं, तेही नाही?"

"तेही नाही."

"आणि हे किती वेळ?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. ठकी बाकाखाली काहीतरी शोधू लागली.

"ती आपणहून बोलेपर्यंत," बाई शांतपणे म्हणाल्या. "नाहीच बोलली, तर दुसऱ्या दिवशी, दोघांची पोटं भरलेली असताना विचारपूस करायची. चौकशी नाही हं, विचारपूस."

आता मात्र सगळा वर्ग खदखदून हसला. बाई नव्या, त्यांना याचं टोपणनाव कुठून ठाऊक असणार? चौकशीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, तरी त्याने विचारलंच, "फरक काय दोन्हींत?"

"चौकशी आपल्या जिवाला स्वस्थता हवी म्हणून करतो," बाई म्हणाल्या. "विचारपूस दुसऱ्याच्या जिवासाठी असते." आणि त्या पुढच्या पालकाकडे वळल्या.

घरी येईपर्यंत चौकशी धुसफुसत होता. मोठं माणूस म्हणून ठकी आईलाच निवडणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं. पण ठकी जेवताना म्हणाली, "बाबा, माझं वाक्य तुमच्याबरोबर ठरवायचंय."

आईचा घास हातातच राहिला. "यांच्याबरोबर? न विचारता आणायचं आहे ना तुला? मग भिंतीबरोबर ठरव. ती तरी गप्प बसेल."

"तुझा फोन कारखान्यात पेटीत जमा असतो," ठकी म्हणाली. "बाबांच्या खिडकीतला फोन नेहमी उचलला जातो."

म्हणजे निवड झाली ती खिडकीची. चौकशीला आत कुठेतरी लागलं. पण मिळालंय ते पदरात पाडून घ्यावं, म्हणून त्याने ताबडतोब वाक्य सुचवलं, "पाच-दहाची गाडी लागली का?"

"बाबा! हे तर तुम्हाला सगळेच विचारतात. तुम्ही मला फलाट सांगाल आणि फोन ठेवून द्याल."

"मग तूच सांग."

ठकीने विचार केला. "मांजराला दूध घातलं का?"

"पण आपल्याकडे मांजर नाही."

"म्हणूनच," ठकी म्हणाली, आणि आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

पुढे परीक्षा आल्या, गेल्या. मांजर सगळ्यांच्याच डोक्यातून निघून गेलं. निदान चौकशीच्या तरी.

परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी ठकी वर्गातल्या मुलांबरोबर कुणाकडे तरी जमणार होती. कुणाकडे, याची चौकशी सकाळी रीतसर झाली होती आणि 'असंच, एका मैत्रिणीकडे' असं उत्तर मिळालं होतं. संध्याकाळी स्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गाड्या रद्द, एकीचा फलाट बदललेला, आणि खिडकीपुढे रांग. सगळ्यात पुढे एक आजीबाई, हातात गाठोडं, त्यांना एकाच गाडीबद्दल चौथ्यांदा खात्री करून घ्यायची होती. तेवढ्यात फोन वाजला.

"चौकशी," चौकशी म्हणाला.

"बाबा," ठकीचा आवाज जरा जास्तच हसरा होता. मागे गाणी चालू होती. "मांजराला दूध घातलं का?"

"मांजर? आपल्याकडे कुठलं मांजर? चुकीची माहिती आहे."

हे तो बोलला. स्वतःच्या लेकीला, ज्या सुरात तो रद्द गाडीची चौकशी करणाऱ्याला बोलायचा, अगदी त्याच सुरात. सवय माणसाला कुठे नेऊन आपटेल, काही सांगता येत नाही.

"बरं," ठकी म्हणाली. "असू दे." आणि फोन बंद झाला.

चौकशीने रिसीव्हर ठेवला, आजीबाईंकडे वळला आणि म्हणाला, "तुमची गाडी फलाट…" तिथे तो अडला. मांजर. दूध. एवढ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेला हा माणूस, आणि त्याला पोटच्या पोरीचं एक वाक्य लक्षात राहिलं नाही.

त्याने तिचा नंबर फिरवला. घाईत पहिल्यांदा चुकला, पुन्हा फिरवला. घंटी वाजत राहिली. उचल गं बाई, उचल, एवढा एकदा उचल, असं तो फोनला विनवत होता. रांगेतले लोक बघत होते.

"हॅलो?"

आणि चौकशी ओरडला. आयुष्यात मुलीवर आवाज न चढवलेला माणूस सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असा गरजला, "मांजराला दूध न घालता गेलीस? ते बोंबलतंय इथे! काही जबाबदारी आहे की नाही? बास झाली मजा! कुठे आहेस? मी आत्ताच्या आत्ता न्यायला येतोय. कुठे येऊ?"

"बाबा, काय हो सगळ्यांसमोर," ठकी रडवेल्या आवाजात म्हणाली. पण त्या रडवेल्या आवाजाच्या तळाशी काय होतं, ते बापाला बरोबर कळलं. "पाण्याच्या टाकीमागे. पिवळी इमारत आहे."

"खाली येऊन उभी राहा!"

त्याने खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावली. ती पाटी इतक्या वर्षांत कधी लागलीच नव्हती, तिच्यावर बोटभर धूळ होती.

"अहो, मांजरच ते," आजीबाई म्हणाल्या. "किती ओरडलात पोरीवर."

"आजी, तुमची गाडी तीन नंबरला. तिथेच बसा, हलू नका," तो पळता पळता म्हणाला. "मांजर फार लाडकं आहे आमचं."

टाकीकडे जाणारी गाडी सुटतच होती. ड्रायव्हर ओळखीचा. "काय चौकशी, खिडकी सोडून आज कुठे?"

"मला काही विचारू नकोस," चौकशी म्हणाला, "आणि जरा हाण."

ड्रायव्हरने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि खरोखरच काही विचारलं नाही. चौकशीच्या मनात आलं, न विचारणारं माणूस किती बरं वाटतं. हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पिवळ्या इमारतीच्या फाटकाशी ठकी उभी होती. चेहरा पांढरा पडलेला, ओढणी मुठीत घट्ट धरलेली. वरच्या मजल्यावर खिडकीत दोघंतिघं वाकून बघत होती, कोणीतरी "म्याँव" केलं आणि हशा झाला. चौकशीने डोळे वटारून वर बघितलं. खवीस बाप व्हायचं तर अर्धवट कशाला? मग तो ठकीला म्हणाला, "चल."

एवढ्यात जिन्यावरून शिडी धडपडत खाली आली. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"काका, मला पण घेऊन चला ना," ती म्हणाली. "माझं वाक्य कुणाशीच ठरलेलं नाहीये."

"चल," चौकशी म्हणाला.

परतीच्या गाडीत तिघं एका बाकावर बसले, मधे चौकशी. आणि आता त्याची खरी परीक्षा सुरू झाली. प्रश्न त्याच्या घशाशी दाटीवाटीने उभे होते, स्थानकावरच्या रांगेसारखे, आणि पुढच्याला मागचा ढकलत होता. वर कोण होतं? कुणाचं घर ते? मोठं माणूस कोणी होतं की नाही? काय दिलं? तू घेतलंस का? घेतलंस का गं? हा शेवटचा प्रश्न तर दातांपर्यंत येऊन परत जात होता. त्याने ठकीच्या डोळ्यांकडे चोरून पाहिलं, ते स्वच्छ होते, तरी त्याचा जीव भांड्यात पडेना. तो मिशी चावत बसला. आयुष्यभर तोंडाने कमावलेल्या माणसाला तोंड मिटून बसणं किती जड जातं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मधेच ठकीने डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं. ती लहान असताना अशी झोपायची. चौकशी अवघडून, हात न हलवता बसून राहिला.

शिडीला तिच्या दारात सोडताना ती घुटमळली. "काका, ते मांजर मला पण वापरता येईल?"

"घे की. मांजर कधी एका घरचं असतं का?" चौकशी म्हणाला.

त्या रात्री आईला त्याने स्वयंपाकघरात एवढंच सांगितलं, "फोन आला होता, मांजराचा." तिने हातातलं भांडं खाली ठेवलं, ठकीजवळ गेली आणि तिचे केस विंचरत बसली. तिनेही काही विचारलं नाही.

सकाळी चौकशीने अंडी उकडली. ठकीने दोन खाल्ली. तिचं पोट भरलंय का, याचा तो अंदाज घेत होता.

"अहो, मिशी खाताय," आई म्हणाली. "अंडं खा."

ठकी हसली, आणि हसता हसताच बोलायला लागली. पेपरमिंटची डबी होती म्हणाली, पण आत पेपरमिंट नव्हतं. सगळे घेत होते, हसत होते. छान चाललं होतं सगळं, भांडण नाही की जबरदस्ती नाही. "मी दोनदा नको म्हटलं. बाई म्हणाल्या होत्या तस्संच झालं, डबी तिसऱ्यांदा आली. म्हणून मी फोन केला. तुम्ही म्हणालात, चुकीची माहिती आहे."

चौकशीने मान खाली घातली.

"मग मला वाटलं, जाऊ दे. सगळेच घेतायत. मी हात पुढे केला. गोळी हातावर होती, बाबा. तेवढ्यात तुमचा फोन आला." ती थांबली. "तुम्ही इतके ओरडलात की माझ्या हातातून ती पडलीच. कोचाखाली गेली कुठेतरी."

आईने डोळ्यांना पदर लावला. चौकशीला वाटलं, उठावं आणि या पोरीला कडेवर घ्यावं, पण पोर आता त्याच्या कानापर्यंत आली होती. नंबर दुसऱ्यांदा बरोबर फिरला, तिने फोन उचलला, ती टाकीकडची गाडी सुटायची राहिली होती. कुणाकुणाचे आभार मानावेत, हेच त्याला कळेना.

"एक विचारू?" तो जरा वेळाने म्हणाला.

"एकच."

"तू मला निवडलंस ते नुसतं फोन उचलला जातो म्हणून?"

ठकीने अंड्याची टरफलं गोळा केली. "मी लहान होते तेव्हा तुमच्या खिडकीत स्टुलावर बसायचे ना? एक आजोबा आले होते. म्हणाले, मी कुठे निघालो होतो? रांगेतले सगळे फिदीफिदी हसले. मी पण हसले. तुम्ही नाही हसलात." ती उठली. "मला वाटलं, मी कधी काही वेड्यासारखं विचारलं, तर तुम्ही मलाही हसणार नाही."

चौकशीने तिच्या हातातली टरफलं घेतली आणि स्वतःच टाकायला गेला.

सोमवारी ठकी आणि शिडी आपणहून बाईंकडे गेल्या. बाईंनी आरडाओरडा केला नाही, शाळेत कुणाचं नाव घेतलं नाही. संध्याकाळी गोळ्या घेतलेल्या मुलांच्या घरी जाऊन बसल्या, आईबापांशी बोलल्या, आणि दोन मुलांना स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. चौकशी त्यांना भेटायला गेला तेव्हा पाठ करून आणलेलं भाषण तो दारातच विसरला.

"बाई, फार उपकार झाले," एवढंच तो म्हणाला.

"मी नुसतं शिकवलं. ओरडलात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"त्याच्याआधी चुकीचं उत्तर दिलं, तेही मीच."

"मग पुन्हा फोन केलात ना? चुकलेली गाडी अशी परत मिळते कुठे," बाई घोगऱ्या आवाजात हसल्या. "जा, तुमची खिडकी उघडी आहे."

तेव्हापासून दारात ठकीच्या चपला दिसल्या की चौकशी मनातल्या मनात बाईंना हात जोडतो, मग स्वतःच्या चपला काढतो. प्रश्न अजून विचारतो, स्वभावाला औषध नाही. पण आधी 'जेवलीस का?' विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. ठकीची तीन उत्तरं हळूहळू चार झाली, पाच झाली. आता कधीकधी तीच बोलत सुटते आणि आईला सांगावं लागतं, "अगं, बापाला श्वास तरी घेऊ दे."

परवा संध्याकाळी रांग अशीच लांब होती. फोन वाजला.

"चौकशी," चौकशी म्हणाला.

पलीकडे पोरसवदा आवाज. ठकी नव्हे, शिडी नव्हे. मागे कुणाचंतरी हसणं. "काका… तुम्ही मला ओळखत नाही." आवाज जरा अडखळला. "मांजराला दूध घातलं का?"

कोण तू? कुणाचं लेकरू? हा नंबर कुणी दिला? चौकशीच्या घशाशी रांग लागली. त्याने एका हाताने 'बंद'ची पाटी ओढली. तिच्यावर आता धूळ नव्हती.

"घालतोय हं, बाळा," तो म्हणाला. "कुठे येऊ?"